वहिनीची वाडी

भाद्रपद अर्धा उलटला की मी घरामागच्या तुकड्यात खुरपं घेऊन बसतो. यंदा जरा उशीरच झाला. उन्हाळा असा तापला होता की मृग, आर्द्रा, पुनर्वसू होऊन गेले तरी जमिनीच्या पोटातली धग हटली नव्हती. वरची चार बोटं माती ओली, काळी, मऊ. त्याखाली खुरपं टणकन वाजायचं. उत्तरा लागल्यावर कुठे ती खालपर्यंत सैल झाली. ढेकूळ मुठीत दाबलं की फुटतं आणि आतून वास येतो. पावसाच्या पहिल्या सरीचा जो गाजलेला वास आहे, तो नव्हे. हा थोडा आंबूस, कुजलेल्या काडीकचऱ्याचा, मुरलेल्या शेणखताचा वास. भाजीपाला लावायची वेळ झाली, एवढंच तो सांगतो.

आमच्या बुलढाण्याकडे, धाडच्या पलीकडच्या गावांत, अशा लहानशा तुकड्याला वाडी म्हणतात. शेताला नांगर लागतो, वखर लागतो. वाडीला फक्त हात लागतात. वांग्याची रोपं आधी उंच वाफ्यावर वाढवायची, मग ढगाळ दिवस पाहून सरीत लावायची. मेथी मुठीनं फेकायची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. तिचे धने चपलेखाली रगडून दोन फाकी करायचे आणि मगच पेरायचे. मुळा पाटाच्या कडेला. लसणाची पाकळी शेंडा वर ठेवून टोचायची. वालाचा वेल कुंपणावर सोडून द्यायचा, तो आपली वाट आपण शोधतो. हे सगळं मला शेतीच्या शाळेत शिकवलं होतं आणि पुढे नोकरीभर मी ते गावोगावच्या लोकांना शिकवत हिंडलो. पण खरं सांगायचं तर मी ते एका बाईकडून शिकलो. त्या बाईनं गेल्या चाळीसेक वर्षांत मातीत एक दाणाही टाकलेला नाही. तो तिनं का टाकला नाही, हे मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

ती बाई म्हणजे माझी कौसल्यावहिनी, थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. माझी बायको गेली त्यालाही पाच वर्षं झाली. आमची दोन घरं एका भिंतीला भिंत लावून आहेत. माझं जेवण तिच्याच घरून येतं. तिची नात ऋतुजा चिखलीला कॉलेजात शिकते, सुट्टीला एसटीनं गावी येते. गेल्या आठवड्यात ती आली होती. सकाळी मी सांभाराच्या वाफ्यातलं तण काढत होतो, तोच ही पोरगी ताटली घेऊन कुंपणाचं फाटक ढकलत आत आली. एवढ्यात ओट्यावरून वहिनीची हाक आली.

"ओ बाई, थांब! आत नोको जाऊ!"

"सांभार घेते ना आजी, भाजीत टाकायला."

"कालपासून दूर हायेस ना तू? मंग वाडीत काऊन चालली?"

पोरगी हसली. "कोणत्या जमान्यात राहतेस गं तू? पाळी आली म्हणून सांभार मरतो का?"

"जमाना कोन्ताबी असो," वहिनी ओट्यावर उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "ऐकलेली गोठ नाही सांगून राह्यली मी. म्या डोळ्यानं पाह्यलं हाये. माह्या या हातानं अख्खी वाडी गेली. चल, हो बाहेर."

ऋतुजा माझ्याकडे वळली. "आबा, तुम्ही तर शेतीवाले साहेब होते. सांगा ना हिला काहीतरी."

मी मान खाली घालून तण उपटत राहिलो. हातात सांभाराचंच एक रोप उपटून आलं, ते तसंच पुन्हा मातीत खोचलं. पोरगी रिकामी ताटली घेऊन परत गेली. तिचे डोळे काय म्हणत होते ते मी पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं.

एका माणसाचं खोटं एका बाईच्या हाताला चिकटलं, तेवढ्यावरच थांबेल असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या सकाळी ते खोटं कुंपण ओलांडून तिच्या नातीपर्यंत पोचलं. म्हणून हे लिहितो आहे.

तो उन्हाळाही असाच होता. किंवा याहून वाईट. आठवणीतला उन्हाळा नेहमीच जास्त तापतो, हे कबूल आहे. पण त्या वर्षी विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरलं होतं हे मला नीट आठवतं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ – तीन महिने घरात हिरवं पान नव्हतं. बाजारात जे यायचं ते सुकलेलं, पिवळं पडलेलं. आमचं जेवण म्हणजे वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, वाळवलेली अंबाडी, सांडगे, बेसन आणि पुन्हा बेसन. भाऊ ताटावर बसला की म्हणायचा, "आज काय हाये? पिवळं का काळं?" पिवळं म्हणजे बेसन, काळं म्हणजे वाळवण. वहिनी हसायची नाही. तीन महिने घरातल्या माणसांना हिरवं खायला घालता आलं नाही, हे तिला लागून राहिलं होतं.

नागपंचमीला ती माहेरी रोहिणखेडला गेली. चार दिवसांनी परत आली तेव्हा पदराच्या टोकाला एक मोठी गाठ होती. ओट्यावर बसून तिनं ती सोडली. आत लहान लहान चिंध्यांच्या पुरचुंड्या. काटेरी वांग्याचं बी, वालाचं पांढरं टपोरं बी, मेथी, मुळा, धने, टमाटरचं चिमूटभर बी राखेत घोळवलेलं. माझ्या मायनं, म्हणजे तिच्या सासूनं, विचारलं, "माहेरून लुगडं नाही आणलं वं?" वहिनी म्हणाली, "लुगडं दोन वर्षांत फाटते आत्याबाई. हे दर वर्षी येते."

विहिरीजवळचा पडीक तुकडा तिनं मागून घेतला. भाऊ शेतात अडकलेला; मी शेतीची पदविका घेऊन आलेलो, नोकरीच्या आदेशाची वाट पाहत रिकामा. मग तिच्या हाताखाली मीच लागलो. शाळेत शिकलेलं मी तिला सांगायला जायचो, 'वहिनी, वाफ्याची लांबी इतकी पाहिजे, रुंदी इतकी.' ती दोन्ही हात पसरून वाफ्यात आडवी वाकायची. 'माहा हात मधापर्यंत पोचला पाह्यजे. तिकून तुमचा पोचला पाह्यजे. तेवढीच रुंदी. नाहीतर तण काढाले वाफ्यात पाय देसान तुम्ही.' पुढे तीसेक वर्षं मी हेच लोकांना सांगितलं. पुस्तकातलं म्हणून सांगितलं.

सकाळी आम्ही पाणी द्यायचो. विहीर नुकती भरत होती. बादलीनं शेंदायचं आणि पाटात सोडायचं. ती पाटाच्या तोंडाशी बसून हातानं माती इकडची तिकडे करायची आणि पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायची. पाणी आपल्या मागे येतं अशा विश्वासानं ती पुढे सरकायची, मागे वळून पाहायची नाही. वांग्याच्या रोपाला ती दोन पानांमध्ये बोट घालून उचलायची, देठाला कधी धरायची नाही. 'देठ मोडलं तं जीव जाते, पान मोडलं तं दुसरं येते.' टमाटरच्या रोपांना तिनं तुऱ्हाट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे आधार दिले आणि जुन्या धोतराच्या चिंध्यांनी बांधले. लांबून पाहिलं की वाटायचं, लहान पोरांना टॉवेल गुंडाळून उभं केलं आहे.

मेथी दाट उगवली तेव्हा विरळणी करावी लागली. ती उपटलेली बोटभर रोपं, अजून पान धरायची बाकी असलेली, तिनं स्वच्छ धुऊन लसणाच्या फोडणीत टाकली. उन्हाळ्यानंतरची पहिली हिरवी भाजी. भाकरीच्या एका घासात संपेल एवढी प्रत्येकाच्या वाट्याला आली. भावानं ताट बोटानं पुसलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "बे, तुह्या शाळेत हे शिकोलं काय? का नुसते कागदच देले?" माय सुनेला सहसा काही चांगलं म्हणत नसे. ती म्हणाली, "हात चांगला हाये हिचा."  वहिनी चुलीकडे तोंड करून बसली, बराच वेळ.

नवरात्र जवळ आलं. वांग्याला कळ्या धरल्या, वाल कुंपणावर चढला, टमाटरला पिवळी बारीक फुलं आली. लसणाची पात वीतभर उभी राहिली. आणि मग वालाच्या शेंड्यांना मावा लागला. चिकट, काळा, बारीक किडा. मी खूष झालो, हे कबूल करायला पाहिजे. आता माझ्या शिक्षणाचं काम होतं.

शेजारचे रशीदभाई बागवान. त्यांचा भाजीपाला धाडच्या बाजाराला जायचा. पाठीवर बांधायचा पितळी पंप गावात त्यांच्याकडेच होता. तो मी आठवडाभर आधी मागून आणला होता, पण माव्यासाठी नव्हे. शेतीच्या शाळेतून परत येताना मी तण मारायच्या औषधाची एक बाटली आणली होती. ज्वारीतलं रुंद पानाचं तण मरतं, ज्वारीला काही होत नाही, हे गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. मी आमच्या ज्वारीत ते मारून दाखवलं. लोक बांधावर उभं राहून पाहत होते. तो पंप मी तसाच गोठ्यात टांगून ठेवला. रशीदभाईंनी देताना सांगितलं होतं, "इस्तेमाल के बाद अच्छा धो लेना साहेब." साहेब ते थट्टेनं म्हणायचे; आदेश अजून यायचा होता.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी त्याच पंपात माव्याचं औषध भरलं आणि वाडीभर फवारलं. पंप धुतला नव्हता. विसरलो असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं आहे. पण विसरणं वेगळं आणि 'त्यानं काय होते' म्हणणं वेगळं. मी दुसरं केलं होतं.

घट बसले तेव्हाच वहिनी दूर बसली. आमच्या घरात त्या चार दिवसांत बाई पडवीच्या कोपऱ्यात, वेगळं अंथरूण, वेगळं ताट. देवघराचं तोंड पाहायचं नाही, लोणच्याच्या बरणीजवळ जायचं नाही आणि हिरव्या पिकात, विशेषतः वेलांत, पाय टाकायचा नाही. घटात पेरलेले गहू तर तिच्या नजरेलाही पडू द्यायचे नाहीत. बाहेर ऊन आश्विनाचं, चटचट तापलेलं. मी नातेवाइकांना आणायला बुलढाण्याला गेलो होतो आणि दोन दिवस वाडीला पाणी मिळालं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी वाडीत गेलो तर टमाटरची पानं वळली होती. सुकून नव्हे, ओली होती, पण पिळल्यासारखी. शेंडे खाली वाकून गोल फिरले होते. वांग्याची नवी पानं बोटासारखी निमुळती, शिरा एकत्र आलेल्या. वालाचा वेल पिळला होता आणि फुलं जमिनीवर पडली होती. मेथी मान टाकून आडवी झाली होती. सगळ्या वाडीत फक्त लसूण हिरवा, ताठ, जसा होता तसा उभा होता.

त्या लसणाकडे पाहून मला कळलं. रुंद पानं गेली, बारीक पात राहिली. शाळेच्या पुस्तकात हे चित्रासकट होतं. पंपाच्या तळाशी राहिलेलं तेवढंसं औषध पुरलं होतं.

माय आली. तिनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कोन्या विटाळाची सावली पडली वं?" आणि मागून वहिनीचा आवाज आला, पडवीतून, "म्या गेलती आत्याबाई."

ती खोटं बोलू शकली असती. तिला कोणी पाहिलं नव्हतं. "दोन दिवस पानी नव्हतं. रोपं मान टाकून राह्यलते. मले पाह्यवलं नाही. कोनी उठाच्या आत गेली, चार बादल्या टाकल्या अन् आली. कोन्या रोपाले हात नाही लावला. नुसतं पानी टाकलं."

"घटाच्या दिवसात?" माय म्हणाली. तेवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त वहिनीच्या हातांकडे पाहिलं, ज्या हातांना पंधरा दिवसांपूर्वी चांगलं म्हटलं होतं.  भाऊ खुरपं उचलून शेतात गेला.

मी तिथं उभा होतो. 'पंपात औषध होतं' एवढे तीन शब्द बोलायचे होते.

दुपारी रशीदभाई बातमी ऐकून आले. वाडीत फिरले, लसणापाशी उकिडवे बसले, एक पात दोन बोटांत धरली. "ये कैसा बच गया भाई?" मग माझ्याकडे पाहिलं, नेहमीच्या थट्टेनं नव्हे. "पंप धोया था ना साहेब?"

"हो," मी म्हणालो. "धुतला होता."

 जाताना ते पंप घेऊन गेले. पुन्हा तो त्यांनी मला कधी दिला नाही आणि मीही मागितला नाही.

मी का बोललो नाही? आठवडाभरापूर्वी लोक बांधावर उभं राहून माझी हुशारी पाहून गेले होते. आदेश यायचा होता. 'शिकून आला अन् घरचीच वाडी जाळली' हे गाव वर्षभर बोललं असतं. वर्षभरच. एवढ्या एका वर्षाच्या हसण्याच्या भीतीनं मी एका बाईला जन्मभराचं ओझं दिलं. पहिल्या दिवशी लाज होती. महिन्याभरानं वाटलं, आता सांगून काय उपयोग. वर्षांनी वाटलं, ती विसरली असेल. ती विसरली नाही हे मला रोज दिसत होतं. वहिनीनं पुन्हा वाडी केली नाही. वांगी, मेथी सोडाच, दारातल्या तुळशीलाही ती सुनेच्या हातून पाणी घालायची. आमच्या घरात विरजण लावायचं काम तिचं होतं, ते तिनं सोडलं. तिच्या हातचं कैरीचं लोणचं सगळ्या गल्लीत जायचं, ते बंद झालं. कोणी विचारलं तर म्हणायची, "माहा हात नाही चांगला." लोकांना ती विनयानं म्हणते असं वाटायचं.

आणि मी? मी साहेब झालो. गावोगावच्या सभांत फळ्यासमोर उभं राहून सांगायचो, "तण मारायच्या औषधाचा पंप वेगळा ठेवा. वेगळा नसेल तर साबणानं, सोड्यानं, तीन वेळा धुवा. एका शेतकऱ्यानं धुतला नाही, त्याची अख्खी वाडी गेली." एका शेतकऱ्यानं! लोक मान डोलवायचे. कोणी विचारायचं, "मंग काय केलं साहेब त्यानं?" मी म्हणायचो, "काय करणार?" आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचो.

ऋतुजा रिकामी ताटली घेऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी वहिनीच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती सुपात तुरीची डाळ निवडत होती. चहा झाला का, गुडघ्याचं कसं आहे, असलं काहीतरी बोलून झालं. मग मी म्हणालो,

"वहिनी, ती वाडी तुमच्या हातानं नाही गेली."

तिची बोटं डाळीत थांबली. कोणती वाडी, असं तिनं विचारलं नाही.

"माझ्या पंपानं गेली. ज्वारीत तणाचं औषध मारलं होतं, ते पंपात राहिलं होतं. मी धुतला नव्हता. ती मेली ती तुम्ही पाणी टाकलं म्हणून नाही. मी फवारलं तेव्हाच मेली होती. तुमच्या पाण्यानं झाली तर मदतच झाली असेल."

सुपातला एक खडा तिनं उचलला, ओट्याखाली टाकला. "तुमाले कधी समजलं हे?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी?"

"हो."

"आत्याबाईले मालूम होतं?"

"नाही."

"तुमच्या भावाले?"

"नाही वहिनी. कोणालाच नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या घरात ती लग्न होऊन आल्यापासून भाऊजी आहे. तिनं मला कधी 'तू' म्हटलेलं नाही. "मंग ते बिचारे खोटे नव्हते," ती म्हणाली. "त्यायले जसं दिसलं तसं ते बोलले. खोटा तू एकटा."

मी मान हलवली. 

"तुले मालूम हाये काय," तिचा आवाज बारीक झाला, त्या सकाळसारखा, "ही पोरगी झाली तं म्या हिले सव्वा महिना उचललं नाही. सून म्हने, आई घ्या ना. मी म्हनो, माह्ये हात दुखतात. हात नोयते दुखत. मले भेव वाटे. म्या हात लावला अन् लेकराले काही झालं तं?" तिनं दोन्ही हात सुपावरून उचलून माझ्यापुढे धरले. डाळीची पिवळी भुकटी लागलेली होती. "हे हात रे! यानं काही नाही केलं म्हनतं तू! चाळीस वर्सांनी!"

दारात ऋतुजा उभी होती. तिनं किती ऐकलं माहीत नाही. पुरेसं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"मला माफ करा वहिनी," मी म्हणालो.

"माफी काय मेथी हाये, मांगली अन् खुडून देली?" ती म्हणाली. "जा आता घरी."

मी उठलो. पायरी उतरलो तेव्हा मागून तिची हाक आली, पण मला नव्हती. "ऋतुजा, जाय वं. वाडीतून सांभार आन."

"आजी, आज माझा तिसराच दिवस आहे."

"कितवा हाये ते नाही इचारलं म्या तुले. जाय."

ऋतुजा माझ्या अंगावरून वाडीत गेली. मी बाजूला झालो. तिनं वाफ्यात हात घालून मूठभर सांभार उपटला, मुळं झटकली, मातीचे कण तिच्या पायावर पडले. वहिनी ओट्यावरून उठून कुंपणापर्यंत आली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. पोरीनं "तू पण ये ना" म्हटलं तेव्हा तिनं मान हलवली.

"मी नाही येत. तू घे. मले अजून..."

त्या संध्याकाळी माझं ताट आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, तिच्या मुलाच्या हातून. ताटात भाकरी, डाळ आणि वर सांभार होता. काही निरोप नव्हता. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की काहीतरी सुटेल, मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट, इतकी वर्षं जे फक्त माझ्यापुरतं होतं ते आता ती रोज उलगडून पाहत असणार, हे डोळ्यांपुढे येत राहिलं. लग्नात कुणाला न लावलेली हळद, ओटीत न घेतलेलं पोर, कोणत्या कोणत्या घासाला तिनं भिऊन हात लावला नसेल.

पण तिसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी सोडायला उठलो तेव्हा वहिनी कुंपणापाशी उभी होती. ज्या जागी ऋतुजानं सांभार उपटला होता, त्याच्या आजूबाजूची रोपं ती पाहत होती. बराच वेळ. मला पाहून निघून गेली. चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशीही. ती माझ्याशी बोलली नाही. रोपं मेली का हेच तपासायला येत होती. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा? मी आधी एकदा सांगितलं होतं ना, पंप धुतला म्हणून. तिनं मला माफ केलं की नाही हे मला अजून माहीत नाही. मी विचारणारही नाही.

काल दुपारी मी खाटेवर पडलो होतो. खिडकीतून कुंपण दिसतं. वहिनी एकटीच आली. इकडेतिकडे पाहिलं. कुंपणालगत वांग्याचं एक रोप आहे, त्याची दोन पानं तारेतून बाहेर आली आहेत. तिनं उजवा हात पुढे केला, मागे घेतला, पदराला पुसला, पुन्हा पुढे केला आणि एका पानाला फक्त बोटाचं टोक लावलं. मग झटकन हात पदराखाली घेऊन निघून गेली.

आज सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर उठलो, पण ती माझ्याआधीच तिथं होती. तारेला दोन्ही हातांनी धरून वाकली होती, त्या एका पानाजवळ तोंड नेऊन. मी दारातच थांबलो. तिनं मान वर केली.

"पाहून काय राह्यला?" ती म्हणाली. "कोरडी पडली हाये वाडी. पानी सोड. मी वळवते."